तबकडीवरची अक्षरे : नवी हार्ड डिस्क, तिचे जंपर आणि आपले लेखन



ह्या स्मृतिव्याख्यानमालेत संतकाव्य, गोमंतकीय रंगभूमी, लोकगीते अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आजवर विवेचन केले आहे. त्या पंक्तीत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या पोटातील यंत्राविषयी बोलावयास उभे राहावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय वरवर यंत्राचा दिसला, तरी मुळात तो अक्षरांचा आहे. आपल्या पेडणे-डिचोली भागात गेल्या शतकाच्या अखेरीपासून लेखणी हळूहळू खाली ठेवली गेली आणि लिहिणारा कळफलकापुढे बसला. उत्सवी रंगभूमीवरील नाटकांच्या संहिता, शाळांच्या स्मरणिका, देवस्थानांची निवेदने, गावोगावच्या धालो-फुगड्यांची गीते, हौशी कवींचे संग्रह हे सारे पुढील दहा-पंधरा वर्षे संगणकात लिहिले गेले. त्यांतील पुष्कळसे कधी छापलेच गेले नाही. ते आजही कोणाच्या तरी माळ्यावर, एखाद्या धूळ खात पडलेल्या पेटीत, साडेतीन इंची हार्ड डिस्कवर निजलेले आहे.

हे संगणक आपल्याकडे कसे आले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. २००० सालच्या सुमारास गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट ह्या उपक्रमातून परदेशांत वापरून झालेले संगणक गोव्यातील शाळांना मिळाले. त्यांपैकी अनेकांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालत असे. पुढे गोवा सरकारच्या 'सायबरएज' योजनेमुळे उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक गेले. ज्या घरात टेलिफोन येऊन फार दिवस झाले नव्हते, त्या घरात मुलाने आजीच्या तोंडच्या ओव्या टंकित केल्या. आज ते मूल नोकरीनिमित्त दूर गेले आहे, आजी राहिलेली नाही, आणि पेटी भंगारवाल्याची वाट पाहत आहे. म्हणून जुन्या डिस्कवरचे लेखन नव्या डिस्कवर कसे आणावे, आणि त्यासाठी नवी डिस्क संगणकात कशी बसवावी, हे सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत सांगण्याचे मी योजिले आहे.

प्रथम डिस्क म्हणजे काय ते पाहू. ग्रामोफोनची तबकडी आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. हार्ड डिस्क ही तिचीच दूरची नात होय. १९५६ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या पहिल्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून जेमतेम पाच मेगाबाइटएवढा मजकूर मावत असे. आजची हातात मावणारी डिस्क त्याच्या कित्येक लक्षपट मजकूर साठवते. तत्त्व मात्र तेच राहिले आहे. चुंबकीय थर दिलेली तबकडी वेगाने फिरते, बहुतेक घरगुती डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा, आणि एक सूक्ष्म शीर्ष तिच्यावर चुंबकीय खुणा उमटविते व वाचते. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. येथे शीर्ष टेकत नाही. ते हवेच्या इतक्या पातळ थरावर तरंगते की धुळीचा साधा कण त्याच्या दृष्टीने डोंगर ठरावा. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील तांबडी धूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना निराळे सांगावयास नको. डिस्कचे झाकण घरी कदापि उघडू नये. तिच्या अंगावरील श्वासोच्छ्वासाचे बारीक छिद्रही चिकटपट्टीने बुजवू नये.

आता जंपरकडे वळू. आमच्या आजीच्या पिढीला हा शब्द ठाऊक होता, पण पोलक्याच्या एका प्रकाराचे नाव म्हणून. संगणकातील जंपर त्याहून पुष्कळच लहान! तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी ती प्लास्टिकची टोपी असते आणि तिच्या आत धातूची पट्टी असते. डिस्कच्या मागील अंगास टाचणीसारख्या पिनांच्या जोड्या असतात. टोपी ज्या जोडीवर बसवाल त्या दोन पिना आतून जोडल्या जातात आणि डिस्कला एक आज्ञा मिळते. थोडक्यात, ही एक काना-मात्रा आहे. काना इकडचा तिकडे गेला की शब्दाचा अर्थ पालटतो. टोपी एका जोडीवरून दुसरीवर गेली की डिस्कची ओळख पालटते.

ही ओळख लागते कशाला? १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयडीई नावाची जोडणीची पद्धत रूढ झाली. हिच्यात ४० पिनांच्या एकाच सपाट पट्टीवर, म्हणजे रिबन केबलवर, दोन यंत्रे जोडता येत. दोघांना एकाच वाटेने संदेश जात असल्यामुळे कोणता संदेश कोणासाठी, हे ठरविणे आवश्यक झाले. एका घरात एकाच नावाचे दोघे असले आणि पोस्टमनने नुसते नाव पुकारले, तर एक तर दोघेही ओ देतील किंवा दोघेही गप्प राहतील. म्हणून एका डिस्कला 'मास्टर' व दुसरीला 'स्लेव्ह' अशी नावे दिली गेली, आणि ही नावे देण्याचे काम जंपर करतो.

भाषेचा अभ्यासक ह्या नावांपाशी थबकल्यावाचून राहत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन ह्या डच प्रवाशाने येथील बाजारात माणसांचा लिलाव होत असल्याचे लिहून ठेवले आहे. ज्या भूमीने दासांचा बाजार पाहिला तिला 'स्लेव्ह' हा शब्द केवळ अलंकार वाटू शकत नाही. अमेरिकेतही २००३ साली लॉस एंजेलिस परगण्याच्या प्रशासनाने यंत्रे पुरविणाऱ्यांना ही नावे टाळण्यास सुचविले होते. गंमत अशी, की यांत्रिक दृष्ट्याही नावे चुकीचीच आहेत. आयडीई पद्धतीत प्रत्येक डिस्कचा नियंत्रक तिच्या स्वतःच्या अंगावर असतो. एक डिस्क दुसरीवर हुकमत गाजवीत नाही. तांत्रिक मानकात त्यांना शून्य क्रमांकाचे व एक क्रमांकाचे उपकरण असेच म्हटले आहे. मी आपला थोरली आणि धाकटी म्हणतो. थोरलीला प्रथम विचारावयाचे, धाकटीला नंतर. एवढाच काय तो मान.

जंपरचे मुख्य पर्याय तीन. पहिला थोरलीचा, डिस्कवरील चिठ्ठीवर तो मास्टर किंवा 'एमए' ह्या अक्षरांनी दाखविलेला असतो. दुसरा धाकटीचा, स्लेव्ह किंवा 'एसएल'. तिसरा 'केबल सिलेक्ट' म्हणजे 'सीएस'. ह्या तिसऱ्या पर्यायात डिस्क आपले स्थान पट्टीवरून ओळखते. पट्टीतील २८ क्रमांकाची तार थोरलीच्या टोकाशी जोडलेली व धाकटीच्या टोकाशी तोडलेली असते. ८० तारांच्या नंतरच्या पट्टीत तीन रंगांची टोके असतात. निळे टोक मदरबोर्डला, शेवटचे काळे थोरलीला आणि मधले करडे धाकटीला लावावयाचे. केबल सिलेक्ट ठेवायचे तर दोन्ही डिस्क त्याच पर्यायावर असाव्यात आणि पट्टीही त्या जातीची असावी. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये आणखी एक बारकावा आढळतो. पट्टीवर ती डिस्क एकटीच असेल तर टोपी काढून ठेवावी किंवा आडवी बसवावी, आणि सोबतीण आली तरच ती मास्टरच्या जोडीवर न्यावी, असे तेथे सांगितलेले असते. पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. म्हणून डिस्कवरील चिठ्ठी हाच आपला ज्ञानकोश समजावा. शेजाऱ्याच्या डिस्कचा अनुभव आपल्या डिस्कला लावू नये.

ह्या टोपीचे महत्त्व मला एका प्रसंगाने पटले. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील वृद्ध स्त्रियांकडून मिळविलेली दोनशेच्या आसपास जात्यावरची व धालोची गीते मी संगणकात टंकित करून ठेवली होती. मूळ वह्यांना वाळवी लागली. पुढे संगणक सुरू होईना, तेव्हा एका दुकानात नवी डिस्क घेतली व जुनी तिच्याच पट्टीवर जोडून मजकूर उतरवून द्यावा अशी विनंती केली. दुकानदाराने तसे केले, पण पडद्यावर एकही डिस्क उमटेना. जुनी डिस्क मेली आहे आणि तिच्यामुळे नवीही अडते आहे, असा निर्वाळा देऊन त्याने ती मला परत केली. आठवडाभराने माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. त्याने दोन्ही डिस्क उलटून पाहिल्या आणि चिमट्याने जुनीची टोपी उचलून शेजारच्या जोडीवर बसविली. दोन्ही डिस्क थोरलेपणाचा हक्क सांगत होत्या, एवढाच तो तंटा होता. टोपी हलली आणि गीते वाचली. ज्यांच्या तोंडून ती मी घेतली त्यांपैकी एकही बाई आज हयात नाही. 'मेली' हा शब्द यंत्राच्या बाबतीत आपण फार लवकर उच्चारतो, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

आता प्रत्यक्ष कृती क्रमाने सांगतो. संगणक बंद करून विजेची दोरी भिंतीतून काढावी. हात कोरडे असावेत, आणि डिस्क तिच्या पिशवीतून बाहेर काढण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. आपल्याकडील आषाढ-श्रावणात विशेष सांभाळावे. गार खोलीतून दमट हवेत आणलेल्या डिस्कवर दव धरते. ती खोलीच्या तापमानाला येऊन कोरडी होईपर्यंत तासन् तास थांबावे लागले तरी थांबावे. त्यानंतर जंपर बसवावा, कारण डिस्क एकदा पेटीत स्क्रूने आवळली की टोपीपर्यंत बोट पोचत नाही. डिस्क चारही बाजूंनी घट्ट बसवावी. सैल डिस्क फिरताना थरथरते. सपाट पट्टीच्या कडेला लाल रेघ असते, ती पहिल्या पिनेची खूण होय. ती बहुधा विजेच्या जोडणीच्या बाजूला येते. विजेचे चार तारांचे टोक एकाच बाजूने बसते. जोर करून ते उलटे घुसविण्याचा पराक्रम करू नये.

त्यानंतर संगणक चालू करून लगेच डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबली म्हणजे बायोस नावाचा आरंभीचा तक्ता उघडतो. कोणती कळ, ते पडद्यावर लिहिलेले असते. त्या तक्त्यात दोन्ही डिस्कची नावे उमटली, की निम्मे काम झाले. नावे उमटली नाहीत तर क्रमाने तीन गोष्टी तपासाव्यात : विजेचे टोक, पट्टीचे टोक आणि जंपर. ह्या तिन्ही तपासल्याखेरीज डिस्क टाकून देऊ नये.

नावे उमटली पण आकार कमी दिसला, असेही होते. जुन्या बायोसना मोठे आकडे मोजता येत नसत. ५२८ मेगाबाइट, ८.४ गिगाबाइट, ३३.८ गिगाबाइट आणि १३७ गिगाबाइट अशा त्यांच्या वेशी एकेका काळी होऊन गेल्या. १९९० च्या दशकातील काही संगणक ३३.८ गिगाबाइटहून मोठी डिस्क जोडताच आरंभीच गोठून जात. ह्यावर उपाय म्हणून अनेक डिस्कवर आणखी एक जंपर ठेवलेला असे. तो बसविला की मोठी डिस्क आपला आकार मुद्दाम लहान सांगे आणि जुना संगणक चालू होई. म्हणून मोठी डिस्क लहान दिसली, तर ती खराब आहे असे समजण्यापूर्वी ही टोपी पाहावी.

२००३ सालापासून साटा नावाची नवी पद्धत आली आणि थोरली-धाकटीचा प्रश्नच मिटला. तेथे प्रत्येक डिस्कला स्वतंत्र बारीक दोरी असते. साटा डिस्कवर चार-आठ पिना दिसल्या तरी त्या वेग कमी करणे वगैरे किरकोळ कामांसाठी असतात; नव्या डिस्कला सहसा तेथे टोपी लावावी लागत नाही. आज दुकानात मिळणाऱ्या घन-स्थितीच्या एसएसडीत तर तबकडीच नाही, मग जंपर कोठला! आयडीई डिस्कचे उत्पादन थांबून आता कित्येक वर्षे झाली. तिला वाचू शकणारे मदरबोर्डही भंगारात चालले आहेत. ज्यांच्याकडे जुना संगणक उरलेला नाही त्यांना आयडीईची यूएसबी करणारा जोड बाजारात मिळतो. साडेतीन इंची डिस्कला त्याच्यासोबत स्वतंत्र वीजपुरवठा लागतो आणि बहुधा डिस्कचा जंपर मास्टरवर असावा लागतो. कारण तेथे ती एकटीच असते.

येथवर पिना आणि तारा झाल्या. ह्यापुढील सूचना सर्वांत महत्त्वाची आहे, आणि माझ्या सांगण्यातले एवढेच एक आपण घरी नेले तरी मला समाधान वाटेल. नवी डिस्क ही कोरी पाटी असते. तिच्यावर प्रथम सीमा आखाव्या लागतात, म्हणजे विभाग पाडावे लागतात, व मग ती फॉरमॅट करावी लागते. दोन टेराबाइटहून मोठी डिस्क असेल तर विभागांची पद्धत विचारल्यावर 'जीपीटी' निवडावी. जुन्या 'एमबीआर' पद्धतीला सुमारे २.२ टेराबाइटपलीकडे मोजता येत नाही. नव्या डिस्कला हे सारे करणे भागच असते. परंतु जुनी डिस्क ही लिहिलेली पाटी आहे. तिला ह्यातले काहीही करावयाचे नाही. संगणक हा भेद जाणत नाही. त्याला डिस्कची लिपी वाचता आली नाही, की तो सौजन्याने विचारतो, 'फॉरमॅट करू काय?' शाळांतील ज्या संगणकांवर लिनक्स होते त्यांची डिस्क विंडोजला जोडली असता नेमके हेच घडू शकते. डिस्क धडधाकट असते, मजकूर शाबूत असतो. विंडोजला ती मांडणी ओळखता येत नाही, इतकेच. त्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर द्यावे आणि ती डिस्क लिनक्सच्या संगणकावर वाचावी.

चुकून कोणी होकार दिलाच, तर तेथेच हात आवरावा. झटपट फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखे आहे. पाने बहुधा शिल्लक असतात आणि जाणकार ती परत मिळवू शकतो. मात्र त्या डिस्कवर नवे काही लिहिले, की पानांवरच शाई सांडते. शिवाय वर्षानुवर्षे न फिरलेली डिस्क पहिल्यांदा फिरते तेव्हा ते तिचे शेवटचे फिरणेही ठरू शकते. नवी डिस्क आधी सज्ज ठेवावी, मगच जुनीला वीज द्यावी आणि पहिल्याच बैठकीत सर्व मजकूर उतरवून घ्यावा. प्रती दोन कराव्यात व त्या दोन निरनिराळ्या घरांत ठेवाव्यात.

मजकूर उतरला तरी काम संपत नाही. जुनी फाइल उघडली, की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. हा मजकूर बिघडलेला नसतो. त्या काळी आपण वापरलेल्या अनेक मराठी फाँटांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसविले होते. कोणत्या घरात कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने ठरविले. युनिकोड ह्या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे, परंतु घरगुती संगणकात ते रुळावयास पुढे दहा-बारा वर्षे गेली. तोवरचे लेखन त्या जुन्या सांकेतिक रूपात अडकले. म्हणून जुन्या डिस्कवरून लेखनाबरोबर तिच्यावरील फाँटही उतरवून घ्यावेत. किल्ली त्यांच्यातच आहे. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत, पण 'ऱ्ह', 'ऱ्य' आणि रफार येथे त्या अडखळतात. तेथे मराठी उत्तम जाणणारा माणूसच मुद्रितशोधनाला बसला पाहिजे. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी राखावी.

हे काम गोव्याला नवे नाही. सोळाव्या शतकातील येथील कथाग्रंथ मूळ रूपात नष्ट झाले. परंतु रामायण-महाभारतातील कथांच्या रोमन लिपीत केलेल्या नकला पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात शिल्लक राहिल्या. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्या वाचून पुन्हा देवनागरीत आणल्या. ज्यांनी त्या नकला उतरविल्या त्यांचा हेतू काहीही असो, नक्कल झाली म्हणून कथा उरली. आपल्या जुन्या फाइलींतही मराठी आज रोमन अक्षरांच्या वेषात दडली आहे. फरक एवढाच, की कागदाने चार शतके वाट पाहिली. चुंबकीय तबकडी तेवढी थांबणार नाही.

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांपैकी कित्येक पटसंख्येअभावी बंद पडल्या. शाळा बंद होते तेव्हा बाके दुसऱ्या शाळेत जातात, दप्तर कार्यालयात जाते आणि संगणक भंगारात जातो. त्या संगणकात त्या शाळेचे हस्तलिखित नियतकालिक असेल, निवृत्त बाईंनी लिहिलेली बालगीते असतील, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांनी येत्या चवथीला गावी आल्यावर माळ्यावरची पेटी खाली काढावी. तिच्यातील डिस्क काढून तिच्यावर पेन्सिलीने चिठ्ठी लावावी : कोणाच्या घरची, कोणत्या सालची, आत काय असावे. आजच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यंत्राची आवड आहे त्यांनी जंपर पाहावा, जोडणी करावी. ज्यांना भाषेची आवड आहे त्यांनी उतरलेला मजकूर वाचावा. घरच्या माणसांची परवानगी घेतल्याखेरीज कोणाचाही खाजगी मजकूर उघडू नये, हे निराळे सांगावयास नको. शाळेने त्यासाठी एक टेबल, एक जुना चालू संगणक आणि दोन नव्या डिस्क एवढी सोय केली तरी पुरे आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांच्या पिढीने आम्हांला पाटी पुसण्यापूर्वी वर काय लिहिले आहे ते एकदा वाचून पाहावयास शिकविले. तीच शिकवण ह्या नव्या पाटीलाही लागू आहे.